पावशेरची बहीण

(महाविद्यालयातल्या बायोइंजिनिअरिंग विभागप्रमुखांची खोली. टेबलाच्या अलीकडे एका विद्यार्थिनीची आई, पलीकडे सर. दुपार कलली आहे.)

आई : नाही म्हणता येत नाही म्हणजे काय? तोंड आहे ना तुम्हाला? ती आत आली की सांगायचं, बाई गं, जागा नाही. संपला विषय.

सर : जागा आहेत हो. बाहेर फळ्यावरच लिहिलंय. निम्म्याहून जास्त रिकाम्या आहेत.

आई : मग पुसा तो फळा.

सर : तुम्ही आधी बसा. पाणी मागवू?

आई : पाणी नको आणि काही नको. ती तुमची प्रयोगशाळा बघून परत येईपर्यंत मला बोलून घ्यायचंय. घरात माझं काही चालत नाही. तिचे बाबा वर्षभर मिठाची गुळणी धरून बसलेत, होही नाही आणि नाहीही नाही. आणि आज कचेरी बंद व्हायच्या आत हिला शाखा सांगायची आहे. सांगणार काय, तर बायो. थोरल्यानं घेतली तीच. एक मुलगा घालवला मी, सर. आता लेकही इथेच आणून सोडू?

सर : तो इथे नाही गेला, ताई. हॉस्पिटलमध्ये गेला.

आई : शिकून इथूनच गेला होता ना?

सर : हो.

आई : काय शिकवलं होतंत? एकदा कळू द्या मला. घरी आला की सांगायचा, आई, आज रक्त नळीतून कसं पळतं त्याचं गणित सोडवलं. आज हृदयात बसवायची झडप बनवली, हातात धर, बघ किती हलकी आहे. मी येड्यासारखी आख्ख्या गल्लीत सांगत सुटले, माझा मुलगा हृदयं बनवणार म्हणून. आणि नोकरी लागली कुठे? हॉस्पिटलच्या तळघरात. डॉक्टरांच्या सुऱ्या-कात्र्या वाफेवर निर्जंतुक करतात, त्या यंत्रापाशी.

सर : तेवढंच काम नव्हतं. सगळ्या यंत्रांची देखभाल होती त्याच्याकडे. सलाइनचे पंप, एक्स-रे, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या काचेच्या पेट्या.

आई : एकट्याकडे?

सर : एकट्याकडे.

आई : हे बघा, मी फार शिकलेली नाही. पण कुकरची वाफ जिरल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, एवढं मला कळतं. माझ्या एवढ्या शिकलेल्या मुलाला कळत नव्हतं? हॉस्पिटलवाले तेच सांगतात सगळ्यांना. म्हणे, वाफ आत असतानाच यंत्राचं दार उघडलं, त्यानं घाई केली. भेटायला येणारा प्रत्येक माणूस जाता जाता दारात हळूच विचारतो, घाई केली का हो त्यानं?

सर : नाही केली.

आई : तुम्हाला काय माहीत?

सर : मी जाऊन आलो तिथे. कुणी बोलावलं नव्हतं, आपणहून गेलो. आत वाफ किती कोंडली आहे ते दाखवणारा काटा असतो. तो शून्यावर अडकला होता. म्हणजे बघणाऱ्याला वाटणार की वाफ गेली. आणि चुकून कुणी उघडायला गेलंच तरी दार उघडू नये, म्हणून एक लोखंडी अडसर असतो. तो झिजून गुळगुळीत झाला होता. तुमच्या मुलानं तो बदलायला सांगितलं होतं. यंत्र बंद ठेवा म्हणाला होता.

आई : मग?

सर : वरून निरोप आला. नवा भाग येईल तेव्हा येईल, तोवर असंच चालव. ऑपरेशनं खोळंबली आहेत.

आई : हे तुम्हाला कुणी सांगितलं?

सर : तिथल्या एका नर्सनं. सांगताना रडत होती. चौकशीत बोलायला मात्र तयार नव्हती. तिचंही घर आहे.

आई : आणि तुम्ही?

सर : मी चौकशीत जाऊन बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला, आणि निकाल लावला तो त्यांच्याच मनासारखा.

आई : वर्ष झालं. आम्हाला का नाही सांगितलंत?

सर : दोनदा तुमच्या दारापर्यंत आलो होतो. काय सांगणार होतो? तुमचा मुलगा बरोबर होता, म्हणून? त्यानं काय परत येणार होता तो?

आई : परत नसता आला. पण दारात विचारणाऱ्यांना मला तोंड देता आलं असतं.

सर : खरं आहे.

आई : राहू द्या. आता मघाचा तो पाण्याचा पेला मागवा.

सर : हा माझाच घ्या, उष्टा नाही. ताई, वर्गात त्याला सगळे काय म्हणायचे, माहीत आहे तुम्हाला?

आई : नाही. कधी बोलला नाही.

सर : पावशेर.

आई : पावशेर?

सर : अंगानं एवढासा होता ना. पहिल्याच दिवशी कुणीतरी नाव ठेवलं, ते शेवटपर्यंत चिकटलं. मीसुद्धा एकदा हजेरी घेताना पावशेर म्हणून गेलो. सगळा वर्ग हसला, आणि सगळ्यात मोठ्यानं तो हसला.

आई : घरी खायचा तर अधाशासारखा. अंगाला लागायचं नाही मेल्याच्या. पावशेर! काय तरी बाई एकेक पोरं.

लेक : येऊ का आत? आई, तू हसतेयस?

आई : नाही. ठसका लागला. झाली का बघून तुझी प्रयोगशाळा?

लेक : झाली. सर, तिथे सगळ्या यंत्रांवर कापड घातलंय आणि कापडावर धूळ आहे.

सर : मुलं नाहीत. यंत्रं वापरणार कोण?

लेक : मुलं का नाहीत?

सर : नोकऱ्या नाहीत म्हणून. आमच्या माहितीपुस्तकात कृत्रिम हातांचे, हृदयाचे फोटो आहेत. ते बनवणारे कारखाने इथून लांब आहेत, थोडे आहेत, आणि त्यांना माणसं लागतात ती आणखी चार-पाच वर्षं शिकलेली.

लेक : दादाच्या वर्गातले काय करतात?

सर : बरेचसे कॉम्प्युटरकडे वळले. काही जण यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दाराबाहेर ताटकळतात. दोघी पुढे शिकायला परदेशी गेल्या. त्यातली एक खरोखर झडपांवर काम करते, अधूनमधून फोन करते. एकानं चुलत्याबरोबर टायरचं दुकान टाकलं. भेटतात त्यांच्यात तोच काय तो सुखी दिसतो.

आई : ऐकलंस ना, छकुले?

लेक : आई, चारचौघांत छकुली नको म्हणू. ऐकलं मी. सर, मला झडपा नाही बनवायच्या.

सर : मग?

लेक : दादा हॉस्पिटलवाल्यांना यंत्र बंद ठेवा म्हणाला होता.

आई : तुला कुणी सांगितलं हे?

लेक : दादानंच. जायच्या आदल्या दिवशी जेवताना म्हणाला, मी बोंबलून सांगतोय, कुणी ढुंकून बघत नाही. मी मोबाइल बघत होते. नुसतं हं म्हटलं.

आई : मला का नाही बोललीस गं?

लेक : तू कुणाचं ऐकण्याच्या अवस्थेत होतीस? सर, मला एवढंच विचारायचंय. ज्यानं ‘हे यंत्र बंद’ म्हटल्यावर ते बंद करावंच लागतं, असा माणूस कोण असतो? कुणीतरी असेलच ना?

सर : असतो. वाफेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचा सरकारी तपासनीस. तो येतो, बघतो, आणि नापास केलं की सील ठोकून जातो. मग हॉस्पिटलचा मालक असो नाही तर मंत्री, ते सील त्याच्याशिवाय कुणी तोडू शकत नाही.

लेक : त्या यंत्राला का नाही ठोकलं?

सर : माणसं कमी आहेत. असं काम कुणालाच नको असतं. भट्ट्या, बॉयलर, तळघरं. त्यात कौतुक नाही, सत्कार नाही. चुकलं तर शिव्या, आणि बरोबर आलं तर काही घडतच नाही, मग कोण कशाला नाव घेईल?

लेक : मला ते व्हायचंय. म्हणून बायो.

सर : बायो नको घेऊ.

आई : बघ. सरही तेच म्हणतायत.

सर : थांबा, ताई. मी वेगळं म्हणतोय. मुली, पोलाद किती ताण सोसतं, सांधा कुठून उकलतो, काटा कशामुळे अडकतो, हे आम्ही इथे शिकवत नाही. थोडं शरीर, थोडी वीज, थोडं कॉम्प्युटर, सगळ्याची चव देतो. पोट कशानंच भरत नाही. तुझ्या भावाला त्या यंत्रापुढे उभं केलं तेव्हा त्याच्याकडे माझी चार वर्षं होती, आणि त्यात वाफेचा एक धडा नव्हता. तू मेकॅनिकल घे. शेजारच्याच इमारतीत आहे. तिथून तपासनीसाच्या परीक्षेला बसता येतं. इथून बसताच येत नाही.

लेक : पण बाहेरचे शिपाईकाका म्हणाले, यंदा मुलं आली नाहीत तर ही शाखा बंद करणार आहेत.

सर : करतील.

लेक : मग तुम्ही मला तिकडे का पाठवताय?

सर : तू एकटी आल्यानं ती वाचत नाही.

लेक : आणि वाचत असती तर?

सर : तर हेच बोललो असतो का, ते छातीवर हात ठेवून नाही सांगता येत मला. पण आज बोलतोय ना, तेवढं घे.

लेक : मला दादाच्या वर्गात बसायचं होतं.

सर : हो. प्रयोगशाळा बघायला एवढा वेळ लागत नाही. त्याचा बाक शोधत होतीस?

लेक : तिथे बाकच नाहीत.

सर : दुसऱ्या विभागानं नेले. त्यांच्याकडे मुलं जास्त आहेत.

आई : इकडे ये. ये म्हणते ना. डोळे पूस. हा घे पदर, पूस त्यालाच.

लेक : आई, कचेरी बंद होईल.

आई : होऊ दे थोडा उशीर. सर, मी तुम्हाला काय सांगितलं होतं? हिला नाही म्हणा.

सर : म्हटलं की.

आई : हे असलं नाही? एका आगीतून काढून दुसरीत लोटलंत.

सर : लोटलं नाही हो. ती निघालीच आहे, तुम्ही अडवलंत तरी थांबणार नाही. निदान हातात काहीतरी घेऊन जाऊ दे.

लेक : आई, मी जाऊ? तू नको म्हणालीस तर आज नाही जाणार. पण घरी येऊन नुसती बसेन, बाबांसारखी. चालेल तुला?

आई : तसली यंत्रं तपासायची म्हणजे हिला त्यांच्याजवळ उभं राहावं लागेल ना, सर?

सर : राहावं लागेल.

आई : चालू असताना?

सर : चालू असतानाच.

आई : हं.

लेक : आई?

आई : जा. पायऱ्या बघून उतर, धावू नकोस. मी आलेच मागून.

सर : तुम्ही पण जा तिच्याबरोबर.

आई : जाते. सर, तिकडे त्या विभागात तुमच्या ओळखीचं कुणी आहे?

सर : सगळेच आहेत. का?

आई : मग एक फोन करा त्यांना. म्हणावं, पोरगी दोन वेळा नापास झाली तरी चालेल आम्हाला, पण नीट शिकवा.