विहीणबाईंच्या विहिरीचं पाणी

पाणी तपासायच्या रांगेत माझ्यापुढे दोन विहिणी बाटल्या घेऊन उभ्या होत्या, एक टेकडीवरची, एक पायथ्याची.

"अहो, पाणी आणायचं होतं, तुम्ही सरबत आणलंत?"

"सरबत कसलं! कालपासून विहिरीचं पाणीच असं हिरवं येतंय."

"अगबाई! परवा भूजलवाल्यांनी आमच्याकडे हिरवा रंग ओतला. म्हणाले, हा ज्वालामुखीचा खडक, आतून भेगाच भेगा. वर ओतलेलं खाली कुठे निघतं ते बघायचंय."

"ओतला कशात?"

"जाऊ द्या ना."

"विहीणबाई, कशात?"

"संडासाच्या टाकीत."

"आणि गेल्या महिन्यात आमच्याकडे दोन तांबे रिचवून म्हणालात, असं गोड पाणी आमच्या घरी नाही!"

"खरंच गोड होतं हो."

"असणारच. तुमच्या घरचंच होतं ते."