पक्याचे ब्रेक आणि काकीचं लिंबू

ब्रेकवरून आठवलं. आमच्या डिलाईल रोडच्या पक्याने गाडीला रेसवाले ब्रेक बसवले. मेकॅनिकने बजावलं होतं, "हे पॅड ट्रॅकवर लाव. तापल्याशिवाय पकडत नाहीत. रस्त्यावर साधेच बरे." पक्या ऐकतोय होय!

सकाळी त्याची आई, आमची शालूकाकी, हळदकुंकू घेऊन चाळीसमोर हजर. गाडीची पूजा केली आणि चिरडायला चाकाखाली लिंबू ठेवायला वाकली, तर हा म्हणतो, "इथे नको गं, तिकडे लांब ठेव. मी जोरात येतो आणि लिंबाच्या एक वीत आधी थांबतो. बघच तू!"

अख्खी चाळ गॅलरीत. मी म्हटलं, "पक्या, पॅड थंड आहेत रे."

"तू गप. तू बसने फिर."

आला सुसाट, दाबला ब्रेक, पण गाडी आपली सरकतेच आहे. थांबली तेव्हा पुढचं चाक थेट लिंबावर. फच्चकन रस उडाला. पक्याचं तोंड बघण्यासारखं!

काकीने मात्र गाडीला हात जोडले आणि लेकाला म्हणाली, "शाब्बास रे झिला! ब्रेक बरे हत. बरोब्बर लिंबावर थांबली!"