नवा वकील पाहायला

(आदिलाबाद. कोर्टामागच्या गल्लीत वनमालाबाईंची वकिलीची खोली. तलमडुगुहून आलेले डोमाजी खुर्चीच्या टोकावर, मुलगा करण दाराशी.)

वनमाला : थांबा, डोमाजी. वकील बदलायचाय, म्हणून माझी सही हवी. इथवर कळलं. पुढचं काय म्हणालात?

डोमाजी : पुढचं हेच, वकीलबाई. तुमी संग चाला. नवा वकील पाहाले.

वनमाला : मी?

डोमाजी : करनसाटी पोरगी पाहाले आल्या होत्या का नाई? रुपाले दोन सवाल इचारले अन् म्हनल्या, पोरगी सरळ हाय, हो म्हना. मंग वकील पाहाले काऊन नाई?

करण : बा, मॅडमना फक्त सही मागायची होती. बसमध्ये ठरलं होतं ना आपलं?

डोमाजी : बसमधी तू बोलला. मी खिडकीतून कापसाची पराटी पाहून राह्यलो होतो.

वनमाला : कोण वकील?

करण : जयदीप सार. बसस्टँडसमोर. एसी ऑफिस आहे. पेशीची तारीख मोबाइलवर येते.

वनमाला : चांगला आहे. वाटेच्या दाव्यांत माझ्यापेक्षा चांगला.

करण : ऐकलं का बा? मॅडमच म्हणतात.

डोमाजी : म्हनून त बाईले इचाराले आलो. दुसरा कोनी खोटं बोलला असता.

वनमाला : हे पाहा, शुक्रवारच्या पेशीत शेजारचा लखन जिंकला, तर त्यानं नांगरलेली गाडीवाट परत मिळणं कठीण. मग वेचलेला कापूस काय डोक्यावर आणणार? करण चुकत नाही.

करण : मागचा धुऱ्याचा, बांधाचा दावा हरलाच होता मॅडम तुम्ही. राग नका मानू.

वनमाला : राग कसला? हरलेच होते.

डोमाजी : बाईनं अगुदरच सांगतलं होतं, हरसान म्हनून. तसाच हरलो. शब्दाची पक्की हाय.

करण : जयदीप सार म्हणतात, शंभर टक्के जिंकू.

डोमाजी : निकालाच्या अगुदर त्याले कसं ठाऊक?

करण : म्हणायची पद्धत असते, बा.

डोमाजी : बसलो तवा मले नाव इचारलं. उठलो तवा पुन्यांदा इचारलं.

करण : त्यांच्याकडं गर्दी असते.

वनमाला : कागद दे, करण. ही घे सही. माझी हरकत नाही. आणि जयदीपला म्हणावं, शुक्रवारच्या आत वावर पाहून घे. बाभळीखाली नांगर फिरलेला नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात तिथं जुन्या चाकोऱ्या दिसतात.

करण : तुम्ही कधी पाहिल्या?

वनमाला : सोमवारी. तू बेल्लमपल्लीला गेला होतास.

करण : बा, हे मला नाही सांगितलं?

डोमाजी : तू एसीचं सांगत होता.

वनमाला : बरं. अजून काही?

डोमाजी : सही झाली ना? मंग डबा सोडा. करनच्या मायनं, कुसुमनं, भाकर तिघांची बांधली.

वनमाला : कुसुमबाईंना माहीत आहे, वकील बदलताय ते?

डोमाजी : हाव. म्हने, वकील तुमी बदलता, त बाईनं काऊन उपाशी राहावं?

करण : बा, सारांनी चारला बोलावलंय.

डोमाजी : जाऊ ना. उपाशीपोटी वकील बदलू नये. बाई, येता ना मंग?

वनमाला : डोमाजी, जुना वकील नव्याकडं जाऊन बसत नाही.

डोमाजी : बरं, तिथं नका येऊ. शुक्रवारी कोर्टात या. माह्या बाजूले बसा.

वनमाला : बोलणार जयदीप. मी बसून काय करू?

डोमाजी : धुऱ्याचा निकाल लागला, तवा तुमी मोबाइल नाई केला. बसनं आल्या, चालत वावरात आल्या. मी डवऱ्याचे बैल सोडेपर्यंत त्याच धुऱ्यावर बसून राह्यल्या. मले पानी पिऊ देल्लं. मंग सांगतलं.

करण : आणि या वेळी जिंकलो तर?

डोमाजी : जिंकलो त मोबाइलबी सांगन. हरलो त सांगाले बाई पाह्यजे.

वनमाला : ठेचा इकडं सरकव, करण. शुक्रवारी येते.