गुडघेदुखीचा सर्व्हे

डॉक्टरांना हल्ली कमी ऐकू यायचं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. बाहेरच्या बाकावर एकट्याच बसलेल्या निवृत्त शिक्षिकाबाईंना दाराआडचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“डॉक्टर, आमचा सर्व्हे गुडघेदुखीच्या औषधांबद्दल आहे. आठवड्याला किती रुग्ण तपासता?”

“पूर्वी मान वर करायला फुरसत नसायची, पोरी. आता पाच लिही.”

“त्यातल्या एका रुग्णाबद्दल सांगाल? नाव मात्र नको.”

“एक शिक्षिका आहेत, निवृत्त. दर मंगळवारी येतात. उजवा गुडघा.”

“निदान काय?”

“गुडघा ठणठणीत आहे.”

“मग येतात कशाला?”

“मी विचारलं नाही. विचारलं तर यायच्या बंद होतील.”

“औषध कुठलं देता?”

“कुठलंच नाही. कुठे दुखतं ते विचारतो. त्या अर्धा तास सांगत बसतात.”

“त्यानं फरक पडतो?”

“मला पडतो.”

“सर, इथं रुग्णाचं लिहायचंय.”

“मग ‘माहीत नाही’वर खूण कर. पुढचा प्रश्न?”

“संपले, सर. धन्यवाद.”

“इतक्यात? मागच्या सर्व्हेत चाळीस होते...”

फोन बंद झाला होता.

बाईंनी पिशवी काखेत मारली, चपला पायात सरकवल्या आणि बाहेरच्या पायरीपर्यंत गेल्या. तेवढ्यात दार उघडलं.

“या बाई! काय म्हणतोय उजवा गुडघा?”

बाई मागे फिरल्या. मग त्यांनी चपला पुन्हा काढल्या.

“तो बरा झाला हो, डॉक्टर. आजपासून डावा दुखायला लागलाय.”