स्थानिक नाव : ऐन

जबाब देणाऱ्याचे नाव : तनय नीलकंठ मोहरील. वय : २२ वर्षे. व्यवसाय : पनागर येथील रोपवाटिकेत काम. शिक्षण : बी.एस्सी. वानिकी व वन्यजीव, तिसऱ्या वर्षी सोडले. रा. महाराजपुर, जबलपूर.
दि. २५ एप्रिल २०२५, सकाळी १०.१०

मी स्वतः ठाण्यात येऊन सांगतो की, काल गुरुवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी परीक्षकांनी सतरा नंबरची शीट उलटली आणि ‘ऐन’ हा शब्द मोठ्यानं वाचला, तिथून सगळं बदललं. त्याआधी मी जे केलं ते चांगल्यासाठी केलं असंच मी समजून राहिलो होतो.

हिंदीत सांगताना माझा आवाज चढत होता. म्हणून हेड कॉन्स्टेबल शकु देवपुजारी मॅडम म्हणाल्या, ‘घरच्या भाषेत सांग, त्यात माणूस जरा हळू बोलतो.’ हिंदी प्रत त्या वेगळी करणार आहेत.

पनागर रोडवरच्या वनश्री वानिकी महाविद्यालयात मी अडीच वर्षं होतो. पदवी चार वर्षांची आहे. नुसते पेपर देऊन ती मिळत नाही. पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते, एकवीस दिवसांचं जंगल शिबिर लागतं, सहा महिने एखाद्या वनपरिक्षेत्रात राहावं लागतं आणि साठ वनस्पतींचा संग्रह द्यावा लागतो. त्याला आम्ही हर्बेरियम म्हणतो. झाडाची डहाळी स्वतः तोडायची, कागदात दाबून वाळवायची, जाड शीटवर चिकटवायची आणि खाली लेबल लावायचं. लेबल स्वतःच्या अक्षरात पाहिजे, असा नियम छापलेला आहे. यातलं एक राहिलं तरी पदवी अडते.

माझं शिबिरात अडलं. प्राणी मोजायला सरळ रेषेत दोन किलोमीटर चालायचं असतं आणि रेषा सोडायची नसते. शेजारच्या रेषेवर रोशनी कोष्टा ही माझी वर्गमैत्रीण पाय मुरगळून बसलेली मला दिसली. मी रेषा सोडून गेलो. ती म्हणाली, ‘तू काहून आया? मैं बैठी हूँ ना, उठ जाऊँगी.’ ‘का’ला ‘काहून’ म्हणायचं ती माझ्याकडूनच शिकली होती. शिबिराच्या सरांनी माझी मोजणी रद्द केली. मी त्यांच्यासमोर नोंदवही फाडली. नोंदवही नाही म्हणून सत्र नाही. पुन्हा बसायची सोय होती, पण मी गेलो नाही. यात कोणाचा दोष नाही.

रोशनीशी माझे संबंध काय, असं विचारल्यावरून सांगतो की, माझ्या बाजूनं आहेत. तिच्या बाजूनं काय आहे ते मी कधी सरळ विचारलं नाही.

रोशनीनं साठही नमुने स्वतः गोळा केले. ते मला माहीत आहे, कारण सहा महिने ती फोनवर दुसरं काही बोलत नव्हती. मार्चमध्ये तिला टायफॉइड झाला. हर्बेरियम द्यायला नऊ दिवस उरले होते. वाळलेले नमुने मी तिच्या आईकडून घेऊन आलो, घरी शीटवर चिकटवले आणि लेबलं लिहिली. मला कोणी सांगितलं नव्हतं. माझं आणि तिचं अक्षर फार वेगळं नाही. होतं तेवढं मी सारखं करून घेतलं.

प्रत्येक डहाळीला दोऱ्यानं बांधलेली एक चिठ्ठी होती. तिच्यावर रोशनीच्या अक्षरात नंबर, जागा, तारीख. शीटवर त्या चिठ्ठ्या गबाळ्या दिसत होत्या, म्हणून मी त्या कापून टाकल्या. साठच्या साठ. आज विचाराल तर शीटवर तिच्या अक्षराचा तोच एक पुरावा होता.

लेबलावर ‘स्थानिक नाव’ असा रकाना असतो. तिनं झाडांची इथली नावं टिपलेली वही सहीसाठी कॉलेजात होती. शास्त्रीय नावं मला पाठ आहेत. स्थानिक म्हणजे घरी म्हणतात ते, असं मला वाटलं. माझ्या आईचं, विनताचं, माहेर भंडाऱ्याकडचं. तिच्याकडून आलेली नावंच मी लिहून गेलो. महुआच्या जागी मोह, हर्रा तिथे हिरडा, बीजा तिथे बिबला, साजा तिथे ऐन. हात थांबला नाही. गठ्ठा देताना मी रोशनीला म्हटलं, ‘देखने की ज़रूरत नहीं, सब एकदम फर्स्ट क्लास है.’ तिला बसवत नव्हतं. तिनं पाहिलं नाही.

काल तिची तोंडी परीक्षा होती. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये होतो. उकाड्यामुळे दार उघडं होतं. बाहेरचे परीक्षक डॉ. अंबरीश म्हणून नागपूरचे होते. आम्हा दोघांचं दुर्दैव एवढंच की ते चांगले होते. शीट पाहून ते खूश झाले. म्हणाले, ‘अरे वा, ऐन! किती दिवसांनी कोणी असं लिहिलं. मराठी आहेस काय गं तू? कुठली?’ रोशनी म्हणाली, ‘सर?’ त्यांनी पुन्हा मराठीतच विचारलं, बिबला कुठे सापडला म्हणून. ती म्हणाली, ‘सर, मैं मराठी नहीं जानती.’ परीक्षकांनी चष्मा काढून ठेवला. त्यांनाच वाईट वाटलेलं दिसत होतं.

विभागप्रमुख यामिनी मॅडमनी विचारलं, ‘ये किसने लिखा है?’ रोशनीनं बाहेर माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, ‘मैंने नहीं लिखा, पर पेड़ सब मेरे हैं.’ मॅडमनी गठ्ठा कपाटात ठेवायला लावला आणि सोमवारी समिती बसेल असं सांगितलं. संग्रह दुसऱ्याचा ठरला तर शून्य. मग पदवी पुढच्या वर्षी. जूनमध्ये तिला एका वन्यजीव प्रकल्पावर रुजू व्हायचं आहे, त्यासाठी पदवी लागते.

मी रात्रीपर्यंतही थांबलो नाही. दुपारी चारच्या सुमारास मी विभागात गेलो. गठ्ठाच नसेल तर समिती काय पाहणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. प्रयोगशाळेतले तुळशीराम भैया एकटे होते. ते म्हणाले, ‘भैया, मत करो. बिटिया का नुकसान होगा.’ मी कपाटाचं दार ओढलं. कुलूप निघालं नाही, काच फुटली. त्यांनी मध्ये हात घातला आणि तळहात कापला. मी त्यांना ढकललं नाही, पण मी थांबलोही नाही. दोन टाके पडले असं आज मला इथे समजलं. त्यांनी तक्रारीत लिहिलं आहे ते खरं आहे.

मी गठ्ठा घेऊन मोटारसायकलनं जबलपुरातल्याच गोरखपुरला रोशनीच्या घरी गेलो. पावणेपाच झाले असतील. मी म्हटलं, ‘ले आया. अब कुछ नहीं होगा.’ तिनं गठ्ठा जमिनीवर ठेवला, गाठ सोडली आणि शीटा मोजल्या. साठ भरल्या. मग म्हणाली, ‘किसी ने बोला था लाने को?’

मी म्हटलं, तुझ्यासाठीच करून राहिलो आहे सगळं. ती म्हणाली, ‘हाँ, वही तो. हर बार.’

तिनं एकेक शीट उचलली आणि बोलत गेली. ही नाल्याच्या पलीकडची, इथे मुंग्या चावल्या. ही वनरक्षकानं शिडी धरली तेव्हाची. ही दोनदा तोडावी लागली, पहिली कुजली. लेबल ती वाचत नव्हती. मी वीसपर्यंत ऐकलं. सोमवारी समितीसमोर ती हेच सांगणार होती आणि कोणालाही पटलं असतं. मला ते सुचलंच नाही. चोरी मात्र सुचली.

मग तिनं माझ्यासमोर यामिनी मॅडमना फोन लावला. गठ्ठा तिच्याकडे आला आहे, आत्ता आणून देते, लेबलं तिच्या अक्षरातली नाहीत, असं तिनं सांगितलं आणि कोणाची आहेत तेही सांगितलं. पलीकडून मॅडम बराच वेळ बोलल्या. ती ‘जी मॅडम’ म्हणत राहिली. फोन ठेवून मला म्हणाली, ‘लेबल का नियम है, और मेरी चिट्ठियाँ भी नहीं बचीं, तो साठ फिर से. बारिश के बाद जाऊँगी.’

मी म्हटलं, जूनच्या नोकरीचं? ती म्हणाली, ‘वो गई.’ मी म्हटलं, मी येतो सोबत, महिनाभरात करून टाकू. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, ‘तनय, मैं बहुत थक गई हूँ. तू थाने जा, सच लिखवा दे. और मेरे लिए अब कुछ मत कर.’

गठ्ठा घेऊन येण्यात रोशनीचा हात नव्हता. तिनं मला बोलावलं नव्हतं, शिबिरातही नाही, कालही नाही. तिला यात धरू नये. काच, कुलूप आणि तुळशीराम भैयांचा हात, हे माझं आहे.

हा जबाब शकु मॅडमनी मला सावकाश वाचून दाखवला. शेवटी ‘त्यानंतर तेथून पळ काढला’ असं लिहिलं गेलं होतं, ते मी सांगून खोडून घेतलं. पळालो नाही. ती शीटा परत बांधत होती, मी चपला घातल्या, बाहेर आलो आणि दार माझ्या हातानं ओढून घेतलं. एवढी दुरुस्ती धरून बाकी सगळं मी सांगितल्याप्रमाणे आहे.

सही : तनय नी. मोहरील