नुसतं मिठाचं पाणी

स्वतःच्या सत्काराला अजून अर्धा तास होता, म्हणून निवृत्त सर संस्थेतल्या चहाच्या रांगेत उभे राहिले. पुढच्या दोन संशोधक मुलींनी त्यांना ओळखलं नाही. भिंतीवरच्या फोटोत सरांना भरपूर केस होते.

“काय म्हणतात तुझ्या यकृताच्या पेशी?”

“विचारू नकोस. रक्तवाहिन्या आवळणारं औषध टाकलं की त्या उसळतात, हा सरांचा गाजलेला शोध ना? माझ्याही उसळायच्या. काल चुकून औषधाऐवजी नुसतं मिठाचं पाणी पडलं, तर तेवढ्याच उसळल्या!”

“अगं बाई! म्हणजे?”

“थेंबाच्या धक्क्यानंच दचकतात त्या. औषधाचा संबंधच नाही.”

“मग सांग की तुझ्या गाईड मॅडमना.”

“वेडी आहेस? एवढा मोठा माणूस, नुसतं पाणी टाकून पाहिल्याशिवाय राहिला असेल? माझाच हात जड. लाज वाटते गं. वहीतली कालची पानं फाडून टाकते.”

“आणि गुच्छ? तूच देणार आहेस ना?”

“कुठल्या तोंडानं देऊ?”

मागे कुणीतरी खाकरलं.

“पानं फाडू नकोस, पोरी,” सर जमिनीकडे बघत म्हणाले. “हात तुझा चांगला आहे. पाणी टाकून बघायचं मला सुचलं होतं. मी टाकलं नाही.”