सर्व्हरच्या लेखी साहेब

अर्ज वेळेत गेला. पण तो गेलाच नाही असं धरून चालू. कारण दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या एका काकांना तेव्हा ते कुठे ठाऊक होतं? त्यांच्या डावीकडे एक निवृत्त साहेब होते आणि उजवीकडे, साहेबांना शोधत आलेली, लॅपटॉपवाली कारकून मुलगी.

"साहेब, सर्व्हर मला आत घेत नाही. आज अर्ज भरला नाही तर नोकरी पक्की होणार नाही."

"मग नव्या साहेबांना सांग."

"त्यांनाही घेत नाही. सगळ्यांच्या परवानग्या तुमच्याकडे जातात. सर्व्हरच्या लेखी तुम्ही अजून नोकरीत आहात."

"अगं, निरोप समारंभात तुम्ही सगळे रडलात की!"

"सर्व्हर नव्हता ना समारंभाला."

"आण इकडे. पासवर्ड आठवला तर शप्पथ... अरे, आठवला! घे, तुला मंजुरी."

"उघडलं! भरते... गेला! साहेब, अर्ज गेला!"

काकांनी गाल सोडून टाळ्या वाजवल्या.

"आणि नव्या साहेबांची मंजुरी?" मुलीने विचारलं.

"त्यांना म्हणावं, रीतसर अर्ज करा. थांब, आधी माझा लिहून घे : 'सदर कर्मचारी सर्व्हरवर अद्याप सेवेत असल्याने, त्याची खिडकीजवळची खुर्ची व दुपारचा चहा तात्काळ पूर्ववत करण्यात यावा, ही विनंती.'"